सिरीजचा बल्ब

आमच्या मिरजेच्या दुकानात बाबांच्या वेळचा एक लाकडी बोर्ड अजून भिंतीवर आहे. त्यावर एक होल्डर, होल्डरमध्ये शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब, शेजारी सॉकेट आणि एक काळं बटण. दुरुस्तीला आलेला रेडिओ किंवा टेप बाबा कधी थेट लाईनवर लावत नसत. आधी या बोर्डावर. वीज बल्बातून जाऊन मगच रेडिओत शिरायची, म्हणून हा सिरीज बोर्ड. रेडिओत कुठे शॉर्ट असला तर बल्ब भक्कन पेटायचा आणि रेडिओ जळण्यापासून वाचायचा. शॉर्ट नसला तर बल्ब क्षणभर चमकून मंद व्हायचा आणि रेडिओ दबक्या आवाजात बोलायला लागायचा. मी शाळेतून आले की दप्तर ठेवून तिथेच स्टुलावर बसायचे. बल्ब मंद झाला की मला वाटायचं, झालं काम. बाबा म्हणायचे, "शॉर्ट नाही एवढंच कळलं. सेट बरा आहे असं बल्बनं कुठं सांगितलं?"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. कॉम्प्युटरच्या बाबतीत तेच लागू आहे हे कळायला मात्र मला फार वर्षं लागली, आणि त्यातली काही वर्षं दुसऱ्यांना महाग पडली.

१९९९ साली दुकानात पहिला कॉम्प्युटर दुरुस्तीला आला. रेडिओ-टेपचं गिऱ्हाईक आटत चाललं होतं आणि मी सांगलीत सहा महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्स करून नुकतीच दुकानात बसायला लागले होते. विंडोज ९८ चे दिवस. मशीन चालू केलं की एफ ८ चं बटण टकटक दाबत राहायचं, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत यादी यायची, आणि तिसऱ्या क्रमांकाला सेफ मोड असायचा. विंडोज ९५ पासून ही सोय होती. तो निवडला की पडदा सोळा रंगांत, मोठाल्या चित्रांचा, चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' अशी इंग्रजी अक्षरं. गिऱ्हाईक घाबरायचं. मला तो पडदा बघितला की धीर यायचा, कारण मशीन उठलेलं असायचं.

कोर्समध्ये आम्हाला एक नियम शिकवला होता आणि तो मी पाठ केला होता. मशीन नेहमीसारखं चालू होत नाही पण सेफ मोडमध्ये चालतं, तर दोष सॉफ्टवेअरचा. सेफ मोडमध्येही कोसळतं, तर हार्डवेअरचा. नियम अगदीच चुकीचा नाही. सेफ मोडमध्ये विंडोज मोजके ड्रायव्हर, म्हणजे मशीनचा एकेक भाग चालवणारी सॉफ्टवेअर, घेऊन उठतं: कीबोर्ड, माऊस, डिस्क, आणि पडद्यावर काहीतरी दिसावं एवढ्यापुरता साधा डिस्प्लेचा ड्रायव्हर. ग्राफिक्स कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर नाही, आवाज नाही, प्रिंटर नाही, चालू होताक्षणी मागे लागणारी दहा सॉफ्टवेअर नाहीत. काय घ्यायचं आणि काय सोडायचं याची यादी रजिस्ट्रीत सेफबूट नावाखाली लिहिलेली असते. नेटवर्कसह उठवायचं असेल तर त्याची यादी वेगळी. म्हणजे बाहेरून आलेलं जवळजवळ सगळं बाजूला ठेवून विंडोज स्वतःच्या माणसांवर घर चालवून बघतं. घर चाललं, तर भांडण बाहेरून आलेल्यांपैकी कुणीतरी लावतंय.

आणि हे खरं ठरायचंही. एका शाळेत अंगठा उमटवून हजेरी घ्यायचं यंत्र आलं, त्याच्याबरोबरच्या सीडीतला ड्रायव्हर टाकला, आणि ऑफिसातला कॉम्प्युटर चालू होताना निळा पडदा दाखवून परत परत बंद पडायला लागला. सेफ मोडमध्ये गेले, ड्रायव्हर काढला, दहा मिनिटांत काम झालं. मुख्याध्यापकांनी चहा पाजला. अशा दहा-मिनिटांच्या कामांनीच माझा त्या नियमावरचा विश्वास वाढत गेला.

मग २०१८ ची लग्नसराई आली. आमच्या ओळखीचा एक छापखाना आहे, पत्रिका, बिलबुकं, हँडबिलं. त्या काकांचा फोन आला. "अगं पोरी, पत्रिकांची रांग लागलीय आणि मशीन मधेच पटकन बंद होऊन परत चालू होतंय. बघतेस का?" गेले. डीटीपीचा कॉम्प्युटर, वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं, विंडोज १०. साधी पत्रिका उघडली तर काही नाही. चार पानी रंगीत, सोनेरी वेलबुट्टीची फाईल उघडून झूम केली की पडदा काळा, आणि दोन सेकंदांनी कंपनीचा लोगो. निळा पडदासुद्धा नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बघितलं तर कर्नल-पॉवर ४१. नावात पॉवर आहे म्हणून माणूस फसतो. ती नोंद एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद न होता परत चालू झालं. का, ते सांगत नाही.

मी नियमाप्रमाणे सेफ मोड लावला. मशीन रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी चालूच. मी काकांना ठामपणे सांगितलं, "हार्डवेअर ठीक आहे काका, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बिघडलाय." सेफ मोडमध्येच जुना ड्रायव्हर मुळासकट काढला, नवा टाकला. दुपारी फोन. परत तेच. अलीकडचा नको म्हणून एक वर्षापूर्वीचा ड्रायव्हर टाकला. रात्री फोन. तिसऱ्या दिवशी डिस्क कोरी करून विंडोज नव्याने घातलं. घालताना एकदाही बंद पडलं नाही. पहिला तासभरही झकास. तेवढ्यात विंडोजने अपडेटमधून ग्राफिक्सचा ड्रायव्हर आपणहून आणला, काकांच्या मुलाने मोठी फाईल उघडली, आणि पडदा काळा. माझी आता पक्की खात्री झाली की ड्रायव्हरच. पुरावा समोर होता ना: ड्रायव्हर नसला की चालतं, आला की मरतं.

तीन दिवस गेले होते. काका एका शब्दाने बोलले नाहीत, पण मांडवाची तारीख कुणासाठी थांबत नाही. दोन पत्रिका त्यांनी सांगलीला दुसऱ्याकडे करायला दिल्या होत्या. मशीन मी दुकानात उचलून आणलं.

संध्याकाळी बाबा देवळातून येताना दुकानात टेकले. त्यांचं काम तोवर थांबलं होतं, पण उघड्या यंत्रापुढे बसल्याशिवाय त्यांना करमायचं नाही. मी सगळं सांगितलं. त्यांना सेफ मोड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, मी समजावलं: सगळं कमी करून, हळू चालवायचं. ते भिंतीवरच्या बोर्डाकडे बघून म्हणाले, "म्हणजे सिरीजवर चालतंय आणि डायरेक्टवर मरतंय. मग तू वीज कुठं बघितलीस?"

नव्हती बघितली. तीन दिवसांत एकदाही नाही.

त्यांनी मल्टिमीटर काढला. एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, निघणाऱ्या मोकळ्या चारपिनी कनेक्टरमध्ये काळी तार काळ्याला आणि लाल टोक पिवळ्याला. पिवळी म्हणजे बारा व्होल्टची. डेस्कटॉप नुसतं उभं असताना ११.९. ठीक. मी सोनेरी वेलबुट्टीची फाईल उघडली. ११.६. झूम केलं. ११.३, ११.१, आणि पडदा काळा. या तारेवर पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. बाबांचा अंगठा काच पुसत होता, जणू आकडा चुकीचा दिसतोय.

केबल काढून बराच वेळ थांबून एसएमपीएस उघडला. थांबावंच लागतं, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले असतात आणि केबल काढली म्हणून ते लगेच निघून जात नाहीत. बाहेर जाणाऱ्या तारांच्या बाजूला दोन कपॅसिटरची डोकी फुगली होती, एकाच्या डोक्यावरच्या फुलीतून तपकिरी पापुद्रा आला होता. चांगल्या कपॅसिटरचं डोकं नाण्यासारखं सपाट असतं. ही दोन भाकरीसारखी टम्म. असा कपॅसिटर थोडं काम मागितलं तर देतो, एकदम जास्त मागितलं की हात टेकतो. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघेही आपली वीज त्याच बारा व्होल्टमधून ओढतात. सेफ मोडमध्ये कार्डाचा ड्रायव्हरच नाही, म्हणजे त्याच्याकडून काम मागितलंच जात नाही. प्रोसेसरही रिकामा बसलेला. विंडोज नव्याने घालतानाही तेच. ड्रायव्हर आला की कार्ड कामाला लागतं, वीज मागतं, आणि फुगलेले कपॅसिटर ती देऊ शकत नाहीत. ड्रायव्हरचा काही दोष नव्हता.

नवा एसएमपीएस बसवला. काकांचं मशीन त्यानंतर चार वर्षं चाललं. त्या तीन दिवसांचे पैसे मी घेतले नाहीत, आणि ते काकांनी मान्यही केलं नाही; दिवाळीला त्यांनी आमच्या दुकानाची बिलबुकं फुकट छापून पाठवली.

तेव्हापासून सेफ मोडच्या बाबतीत मी स्वतःला एक प्रश्न विचारते: या मशीनच्या कुठल्या भागाला यात विश्रांती मिळणार आहे? ज्याला विश्रांती मिळते त्याच्याबद्दल सेफ मोड काहीच सांगू शकत नाही. ग्राफिक्स कार्डाला मिळते. एसएमपीएसला मिळते. धूळ बसून पंखा जाम झालेल्या, पेस्ट वाळलेल्या प्रोसेसरला मिळते, कारण तो तापेल इतकं कामच नसतं. रॅमलाही बऱ्यापैकी मिळते, आणि हे फार जणांच्या लक्षात येत नाही. एका कर सल्लागारांच्या ऑफिसात जुलै महिन्यात, रिटर्न भरायच्या ऐन गर्दीत, एक कॉम्प्युटर दिवसातून तीनदा निळा पडायचा आणि प्रत्येक वेळी पडद्यावरचा संदेश वेगळा. सेफ मोडमध्ये दिवसभर धड. ८ जीबी रॅम होती. सेफ मोडला त्यातली थोडीच लागत होती, त्यामुळे वरच्या भागातल्या बिघाडापर्यंत कुणी पोचतच नव्हतं. रात्री मेमटेस्टची पेन ड्राइव्ह लावून गेले. ती विंडोजला हातही न लावता सरळ रॅमचा कोपरान् कोपरा लिहून-वाचून बघते. सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला. पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासून परत लावले, कारण अनेकदा तेवढ्यानेच भागतं. या वेळी भागलं नाही, पट्टी बदलावी लागली. पण प्रत्येक वेळी निळ्या पडद्याचा संदेश वेगळा असेल तर मी आता सेफ मोडच्या आधी रॅमकडे वळते.

उलट बाजूही तितकीच कच्ची. सेफ मोडमध्येही कोसळलं म्हणजे हार्डवेअरच, असं छातीठोक सांगू नये. विंडोजच्या स्वतःच्याच फाईली बिघडलेल्या असल्या तर ते सेफ मोडमध्येही रडतं. अशा वेळी मी लिनक्सची पेन ड्राइव्ह लावून तेच मशीन उठवते. ते तासभर भार टाकूनही नीट चाललं, तर मग विंडोजकडे बघायचं.

आता ती गोष्ट, जी छापखान्याच्या चार वर्षं आधीची आहे. ती एसएमपीएस बदलून सुटणारी नव्हती.

मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव. सतारमेकर गल्लीत आजही भोपळे वाळत टाकलेले दिसतात, तानपुऱ्याच्या जवारीचा आवाज येता-जाता कानावर पडतो. त्या भागात गाणं शिकवणाऱ्या एक बाई २०१४ च्या उन्हाळ्यात आल्या. कॉम्प्युटर लोगोवर येऊन थांबतो, वीस-वीस मिनिटं. आत त्यांच्या वडिलांच्या तालमींची रेकॉर्डिंग होती. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. शिष्यांना शिकवताना, बंदिशीचा एकेक बोल तीन-तीनदा सांगताना, मधेच खोकताना, "परत घे" म्हणताना, असं सगळं. मैफलीची रेकॉर्डिंग इतरांकडेही सापडली असती. तालमीची फक्त त्यांच्याकडे होती, आणि फक्त त्या एका डिस्कवर.

मी एफ ८ दाबून सेफ मोड निवडला. पडद्यावर ड्रायव्हरच्या फाईलींची यादी सरकायला लागली, एका ओळीवर अडकली, पुढे गेली, परत अडकली. अकरा मिनिटांनी डेस्कटॉप आला. मला आनंद झाला. सेफ मोडमध्ये उठलं म्हणजे हार्डवेअर ठीक, हा नियम डोक्यात. बाई म्हणाल्या, "ती गाण्याची फोल्डर तेवढी आधी काढून घेता का?" मी म्हटलं, "आधी डिस्क दुरुस्त करून घेते ताई, मग सगळंच सुरळीत निघेल." आणि चेक डिस्क लावलं, खराब सेक्टर शोधून काढायच्या सूचनेसह. रात्री दुकान बंद करताना ते सत्तावीस टक्क्यांवर होतं.

सकाळी शटर उघडलं तेव्हा आतून टिक... टिक... टिक असा आवाज येत होता. डिस्कचं वाचणारं डोकं जागा शोधायला जातं, सापडत नाही, परत मागे येतं, त्याचा तो आवाज. पडद्यावर डिस्क सापडत नसल्याचा संदेश.

सेफ मोडमध्ये डिस्कला विश्रांती नाही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी स्वतः विचार केला नव्हता. ड्रायव्हर कमी होतात, पण विंडोज उठतं ते डिस्कवरूनच, फाईली वाचायच्या त्याच डिस्कवरून, नोंदी लिहायच्या त्याच डिस्कवर. थकलेल्या डिस्कला उठवणं म्हणजेच तिला राबवणं. आणि वरून चेक डिस्क लावणं म्हणजे तिला प्रत्येक सेक्टरपाशी नेऊन उभं करणं, वाचता येत नसेल तर परत परत वाचायला लावणं. बाईंनी जे मागितलं होतं, ते आधी करायला हवं होतं. त्या डिस्कमध्ये जेवढा जीव उरला होता, तो मी तिच्या दुरुस्तीवर खर्च केला.

पुण्याला डेटा परत काढणाऱ्यांकडे डिस्क पाठवली. निम्म्याच्या आसपास फाईली मिळाल्या. खर्च मी दिला. बाईंना ते सांगायला मी त्यांच्या घरी गेले; फोनवर सांगणं मला जमलं नाही. त्या क्लास घेत होत्या, चार मुली तानपुऱ्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "यमनच्या आल्यात का?" यमनच्या काही आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग चालेल." मला त्या दोन शब्दांनी जे झालं ते रागावल्याने झालं नसतं.

त्यानंतर डिस्कचा संशय आला की मी मशीन चालूच करत नाही. अडखळत सुरू होणं, फोल्डर उघडायला मिनिटभर लागणं, कान लावला तर बारीक टिकटिक, यातलं एक जरी असलं तरी डिस्क बाहेर काढायची, दुसऱ्या मशीनला जोडायची. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते, स्मार्ट म्हणतात तिला. किती सेक्टर बाद होऊन त्यांच्या जागी राखीव वापरले गेले आणि किती वाचता न आल्यामुळे अधांतरी आहेत, हे दोन आकडे मी पहिले बघते. दुसरा आकडा शून्य नसला तर मग गप्पा नाहीत. लिनक्सवर डीडीरेस्क्यू लावायचं. तो प्रोग्रॅम आधी जे सहज वाचता येतं ते सगळं पटापट उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवतो, अडलेल्या जागा वहीत टिपून पुढे जातो, आणि सगळं चांगलं हाती लागल्यावर मग मागे येऊन अडलेल्या जागांवर प्रयत्न करतो. मधे वीज गेली तरी वही असते, तिथून पुढे.

एफ ८ चं सांगायचं राहिलं. २०१२ साली विंडोज ८ आलं आणि ते बटण चालेनासं झालं. मशीन इतकं झपाट्याने उठायला लागलं होतं की बटण दाबायला पाव सेकंदही उरत नव्हता, म्हणून ते मुळातच बंद ठेवलं. आता सेफ मोडला जायचं तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करायचं, मग दोन-तीन पडदे पार करून यादीत चौथा आकडा दाबायचा. नेटवर्कसह हवं तर पाचवा. पण विंडोज उठतच नसेल तर शिफ्ट कुठे दाबणार? त्यासाठी लोक एक युक्ती करतात: मशीन सुरू होत असतानाच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करायचं, असं लागोपाठ दोन-तीनदा, की विंडोजला कळतं काहीतरी बिघडलंय आणि ते दुरुस्तीच्या पडद्यावर येतं. युक्ती चालते. पण चालत्या डिस्कची वीज मधेच तोडायची, तीही तीनदा, हे मला बघवत नाही. मी त्यापेक्षा विंडोजची पेन ड्राइव्ह लावून तोच दुरुस्तीचा पडदा उघडते.

आणखी एक. काही जण एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूटची खूण करून ठेवतात आणि काढायला विसरतात. मग मशीन दरवेळी सेफ मोडमध्येच उठतं. महिन्यातून एखादं तरी असं मशीन येतं, बाकी काहीही झालेलं नसतं.

सेफ मोड कमी लेखावा असं मला मुळीच म्हणायचं नाही. १९ जुलै २०२४ ला सुरक्षेच्या एका सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट जगभर गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन एका झटक्यात निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहून बोर्डिंग पास दिले गेले. माझा भाचा पुण्यात एका कंपनीच्या आयटी विभागात आहे. तो दोन दिवस मजल्यामजल्यावर फिरून एकेका लॅपटॉपपाशी बसत होता: सेफ मोड, ड्रायव्हरच्या फोल्डरमधली ती एक फाईल पुसायची, परत चालू. शंभर उपाय नव्हते, मुख्य उपाय हाच होता. त्याला जास्त त्रास झाला तो बिटलॉकरचा. डिस्क कुलूपबंद असल्याने सेफ मोडला जाण्याआधी ४८ आकडी किल्ली मागितली जायची, आणि ती कुणाकडे जपून ठेवलेली नव्हती. रात्री त्याचा फोन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "हा सॉफ्टवेअरचा दोष आहे ना? मग सेफ मोड बरोबर जागी वापरतोयस." तो म्हणाला, "मावशी, झोपू दे आता." तेव्हापासून मी प्रत्येक नव्या लॅपटॉपची ती किल्ली गिऱ्हाइकाला कागदावर छापून देते आणि घरातल्या कागदपत्रांच्या फायलीत लावायला सांगते.

यंदाच्या पावसाळ्यात गाण्याच्या बाई परत आल्या. अकरा वर्षांनी. या वेळी लॅपटॉप, सात-आठ वर्षं जुना, आत फिरणारी डिस्क. वडिलांची जी रेकॉर्डिंग वाचली होती ती त्यांनी दोन ठिकाणी ठेवली आहेत. पण गेल्या पाच वर्षांत त्यांनी स्वतः घेतलेल्या तालमी, आणि त्यांच्या सगळ्यात जुन्या शिष्येचा रियाज, हे सगळं याच लॅपटॉपवर होतं. तक्रार तीच: लोगोवर थांबतो.

माझ्या हाताखालचा मुलगा हुशार आहे, आणि घाईचाही. त्याने लॅपटॉप ओढून घेतला, अंगठा पॉवरच्या बटणावर ठेवला. "तीनदा बंद-चालू करून सेफ मोडला नेतो मॅडम, लगेच कळेल."

"हात काढ," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच असावा, कारण बाईंनीही माझ्याकडे बघितलं.

मागचे अकरा स्क्रू काढले, बॅटरीची पट्टी सोडवली, डिस्क बाहेर घेतली. दुसऱ्या मशीनला जोडली. अधांतरी सेक्टर दोनशेच्या वर. मुलाला तो आकडा दाखवला. मग डीडीरेस्क्यू लावलं आणि शेजारी छोटा टेबलफॅन लावला, डिस्क तापू नये म्हणून. बाईंना म्हटलं, "ताई, आज काहीच सांगता येणार नाही. उद्या या." त्या गेल्या नाहीत. बाहेर पाऊस होता, त्या बाकावर बसून राहिल्या आणि पडद्यावरचा आकडा बघत राहिल्या. संध्याकाळी एक्क्याण्णव टक्के झालं तेव्हा त्यांना रिक्षात बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ९९.८ वर येऊन तो अडलेल्या जागांवर घासत होता. मी प्रत नव्या डिस्कवर उघडली. फोल्डर होती. एक फाईल लावली; दुकानाच्या छोट्या स्पीकरमधून तानपुरा, आणि बाईंचा आवाज, "परत घे." बाई बाकावरून उठून टेबलापाशी आल्या. एकेक करून पन्नासेक फाईली आम्ही उघडून बघितल्या, दोन अर्धवट निघाल्या. त्यांची नावं त्यांनी कागदावर लिहून घेतली. सगळ्यांची आणखी एक प्रत मी पेन ड्राइव्हवर काढून त्यांच्या पर्समध्ये ठेवली.

मुलगा जुनी डिस्क हातात घेऊन उभा होता. "आता ही लॅपटॉपला परत लावून सेफ मोडमध्ये बघू का, काय होतंय ते?"

"आता बघ," मी म्हटलं.